पुन्हा पुन्हा येणारे मुरूम : काय तपासावे, कोणत्या क्रमाने आणि कुठे थांबावे

औषधाच्या दुकानात मुरुमांची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे पहिले वाक्य ठरलेले असते : "जातात, पण परत येतात." त्यांनी उपाय केलेले नसतात असे मुळीच नाही. एखादी मुलगी पिशवी उघडते आणि काउंटरवर एकेक वस्तू मांडत जाते : मैत्रिणीने सुचवलेला फेसवॉश, मावशीने दिलेले उटणे, पार्लरमधून आणलेली विनानावाची डबी, मोबाइलवर पाहून मागवलेले सीरम आणि तळाशी दाबून दाबून चपटी झालेली एक ट्यूब. हे सगळे ती गेले काही आठवडे आळीपाळीने लावत असते. मुरूम परत येण्याचे कारण पुष्कळदा याच पिशवीत सापडते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की खालच्या तपासण्यांचा क्रम 'आधी काढा, मग लावा' असाच ठेवला आहे. फुकटात होण्यासारखे आधी, खर्चाचे नंतर आणि डॉक्टरांवर सोपवायचे सर्वांत शेवटी. मात्र शेवटच्या भागात सांगितलेली लक्षणे आत्ताच दिसत असतील, तर मधले सारे सोडून थेट तिकडे वळावे.

लक्षणे : हे मुरूमच आहेत ना?

खिडकीच्या उजेडात, आरशासमोर, चेहरा धुऊन कोरडा केल्यावर नीट पाहावे. तारुण्यपीटिकांची मुख्य खूण म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या अवस्थांतले फोड दिसणे : कातडीखालचे बारीक पांढरट दाणे, नाकावर व हनुवटीवर काळे ठिपके, काही लाल पुटकुळ्या, काहींच्या टोकाला पू, क्वचित खोलवर दुखणारी गाठ. काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. छिद्रात अडकलेल्या द्रव्याचा हवेशी संबंध येऊन ते काळे पडते, म्हणून कितीही घासले तरी ते निघत नाहीत. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, छाती, पाठ आणि खांदे या तैलग्रंथी जास्त असलेल्या जागी मुरूम येतात. तळहातावर किंवा तळपायावर ते येतच नाहीत.

मुरुमांसारखे दिसणारे पण मुरूम नसलेले काही प्रकार इथेच बाजूला काढावेत, कारण त्यांचे उपचार निराळे आहेत. कपाळावर, छातीवर किंवा पाठीवर सगळे दाणे एकाच आकाराचे असतील, खाज सुटत असेल आणि घाम आल्यावर ती वाढत असेल, तर तो केसांच्या मुळांशी झालेला बुरशीचा संसर्ग असू शकतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे प्रमाण बरेच दिसते आणि प्रतिजैविकांच्या गोळ्यांनी ते उलट वाढते. आंब्याच्या दिवसांत ओठांभोवती चुरचुरणारे फोड आले, तर बहुधा देठाचा चीक लागलेला असतो. एकच मोठा, ठसठसणारा, केसाच्या मुळाशी आलेला फोड म्हणजे केस्तूड. अशी केस्तुडे वरचेवर होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. तिशीनंतर गाल व नाक सतत लाल राहत असतील आणि काळा ठिपका एकही नसेल, तर तो रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणणारा एक वेगळा त्वचाविकार, असण्याची शक्यता असते. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. फोड बसून गेल्यावर मागे राहिलेला तपकिरी डाग हा मुरूम नव्हे. आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णाच्या त्वचेत सूज येऊन गेली की रंगद्रव्य जास्त साठते आणि तो डाग जायला महिने लागतात. नवीन फोड येणे थांबले असेल आणि फक्त डाग उरले असतील, तर तुमचा मुरूम बरा होत आहे. अशा वेळी अधिक तीव्र औषध शोधण्याऐवजी उन्हापासून बचाव करावा.

मुरूम का येतो हे थोडक्यात कळले, तर पुढचा क्रम आपोआप पटेल. वयात येताना अँड्रोजन (पुरुषी) संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या प्रभावाने केसाच्या मुळाशी असलेली तैलग्रंथी जास्त तेल स्रवू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट गळून न पडता तेलात चिकटून राहतात आणि छिद्राच्या तोंडाशी बूच तयार होते. बुचामागे साठलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा एरवीही त्वचेवर राहणारा जिवाणू वाढतो, आणि शरीर त्याला जो प्रतिकार करते त्यातून लाली, सूज व पू निर्माण होतो. डोळ्यांना न दिसणारे बूच तयार होण्यापासून पुटकुळी वर येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. त्यामुळे आजची पुटकुळी कालच्या वड्यामुळे आलेली नसते, आणि आज लावलेल्या लेपाने उद्याच्या पुटकुळ्या अडत नाहीत. दर आठ दिवसांनी उपाय बदलणाऱ्याला कोणत्याच उपायाचा गुण का येत नाही, याचे उत्तर या वेळापत्रकात आहे.

ट्यूब उलटी करून वाचा

या तपासणीला एक पैसाही लागत नाही. घरात चेहऱ्यासाठी वापरली जाणारी प्रत्येक ट्यूब आणि डबी समोर घ्यावी व मागची बारीक अक्षरे वाचावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. खाज, डाग किंवा गोरेपणासाठी म्हणून ही मलमे एकमेकांच्या सांगण्यावरून सर्रास वापरली जातात. सुरुवातीच्या काही दिवसांत चेहरा खरोखर उजळ आणि स्वच्छ दिसतो, कारण स्टेरॉइड सूज दाबून टाकते. नंतर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात चेहरा लालभडक होतो, नको तिथे लव वाढते आणि एकसारख्या पुटकुळ्यांचे पीक येते. मलम थांबवले की त्या आणखी उसळतात, म्हणून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. 'जातात, पण परत येतात' या तक्रारीचा हा सर्वांत नमुनेदार प्रकार आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असे स्पष्ट केले, तरी ती घराघरांतल्या कपाटांत अजून आहेत.

स्टेरॉइडचे मलम चार-सहा दिवसच लावले असेल तर ते थांबवावे. महिनोन्महिने लावले असेल, तर स्वतःच्या मनाने काहीही न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ते सोडताना येणारी लाली आणि आग सांभाळण्यासाठी वेगळे उपचार लागतात, आणि ते नसतील तर बहुतेक जण पुन्हा त्याच मलमाकडे वळतात. घटकांची यादीच नसलेली विनानावाची क्रीम मात्र लगेच बंद करावी. गोरे करणाऱ्या अशा काही क्रीममध्ये पारा असतो, आणि त्यामुळे मूत्रपिंडांना इजा झालेले रुग्ण केरळमध्ये आणि आपल्या महाराष्ट्रातही आढळले आहेत.

याच बैठकीत पोटात जाणाऱ्या औषधांचीही आठवण काढावी. क्षयरोगावरील आयसोनायझिड, फिटवरील फेनिटॉइन, मानसिक आजारातले लिथियम, पोटातून घेतलेली स्टेरॉइडे आणि बी-१२ची इंजेक्शने यांनी मुरुमांसारखे पुरळ येऊ शकते. तरीही ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत, विशेषतः क्षयरोगाची तर मुळीच नाही. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना पुरळ दाखवावे, एवढेच करायचे आहे.

फोड कुठे येतात ते पाहा

मुरुमांची जागा बरेच काही सांगते. कपाळावर, केसांच्या कडेने आणि कानशिलांवर दाणे असतील, तर पहिला संशय डोक्याच्या तेलावर घ्यावा. रात्री चपचपीत तेल लावून झोपले की ते उशीच्या अभ्र्यावर, तिथून कपाळावर आणि गालावर येते. खोबरेल तेल छिद्रे बुजवणाऱ्या तेलांपैकी आहे. तेल सोडायची गरज नाही. न्हाण्याआधी तासभर लावावे, केस धुऊन मग झोपावे आणि कपाळावर आलेल्या बटा मागे घ्याव्यात. कोंडा असेल तर त्याचाही उपाय करावा.

हनुवटीवर आणि जबड्याच्या रेषेवर येणाऱ्या फोडांसाठी हेल्मेटचा पट्टा आणि दुचाकीवरून जाताना तोंडाला बांधायचा स्कार्फ तपासावा. पुण्यासारख्या शहरात मुली रोज जाता-येता हा स्कार्फ बांधतात, तो धूळ अडवतो, ऊन अडवतो, म्हणून तो बांधावाच. पण घामाने ओला झालेला तोच कापडाचा तुकडा पर्समध्ये घडी करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गालावर आवळायचा, हे घर्षण आणि ओल दोन्ही फोडांना पोषक आहे. दोन-तीन सुती स्कार्फ ठेवून रोज धुतलेला वापरावा. हेल्मेट काढण्याचा सल्ला कोणीही देणार नाही. आतले अस्तर धुता येते, तेवढे करावे. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा आणि चेहऱ्यासाठी टॉवेल वेगळा ठेवावा.

खांद्यांवर आणि पाठीवर मुरूम असलेल्या, व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांना मी हमखास एकच प्रश्न विचारतो : प्रोटीनची पावडर कधी सुरू केली? त्याचे उत्तर पुढे खाण्याच्या भागात आहे. कुणी 'बॉडी बनवण्याची' इंजेक्शने घेत असेल, तर ती अँड्रोजन संप्रेरकेच असतात. त्यांच्यावर कोणताही लेप चालणार नाही, आणि मुरूम हा त्यांचा सर्वांत किरकोळ दुष्परिणाम आहे.

हात आणि पाणी

फोड फोडल्याने पू थोडा बाहेर येतो आणि बराचसा आत ढकलला जातो. छिद्राची भिंत आतून फाटली की सूज शेजारच्या ऊतींत पसरते आणि दोन दिवसांत बसणारी पुटकुळी खड्डा ठेवून जाते. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्यांमागच्या शिरांना जोडलेल्या असतात, त्यामुळे तिथला फोड दाबणे अधिक धोक्याचे आहे. ज्यांना अभ्यास करताना नकळत चेहऱ्यावर हात नेण्याची सवय आहे, त्यांनी नखे बारीक ठेवावीत. एवढ्यानेही फरक पडतो.

चेहरा दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर एकदा, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावा. त्याहून जास्त वेळा नको. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्लता मोजण्याचे माप; ७ पेक्षा कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्क) साधारण ५ च्या आसपास असतो, तर अंगाच्या नेहमीच्या साबणाचा ९ ते १० असतो. दिवसातून पाच वेळा साबण लावला की त्वचेचे संरक्षक कवच सैल होते, कोरडेपणा आणि जळजळ वाढते आणि मग लावलेले प्रत्येक औषध झोंबते. सौम्य, फेस कमी येणारा फेसवॉश बोटांनी हलकेच लावून धुवावा. काथ्या, घासणी, अक्रोडाच्या सालीचे स्क्रब आणि भरड उटणे यांनी मुरूम असलेला चेहरा घासू नये. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाला उटणे अंगाला लावावे, चेहरा वगळावा.

तेलकट चेहऱ्यालाही हलके मॉइश्चरायझर लागते, हे अनेकांना पटत नाही. कोरडी पडलेली त्वचा औषध सहन करत नाही, आणि औषध मध्येच सुटण्याचे ते एक मोठे कारण आहे. जेलच्या स्वरूपातले, 'नॉन-कॉमेडोजेनिक' (छिद्रे न बुजवणारे) असे लिहिलेले निवडावे. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले सनस्क्रीन सकाळी लावावे, कारण डाग गडद होण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो.

खाणे

तळलेल्या पदार्थांना मुरुमांसाठी जितका दोष दिला जातो, तितका पुरावा त्यांच्याविरुद्ध नाही. ज्या दोन गोष्टींचा संबंध अभ्यासांत वारंवार दिसतो, त्या म्हणजे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ आणि दूध. मैद्याचा पाव, बिस्किटे, शीतपेये, दिवसभरातला अनेक कप गोड चहा यांनी इन्सुलिन वाढते, आणि त्याच्या साखळीतून तैलग्रंथींना जास्त काम करण्याचा संदेश जातो. व्हे प्रोटीन दुधापासूनच बनते आणि व्यायाम करणाऱ्या तरुणांमध्ये त्याने मुरूम वाढल्याची नोंद आहे. म्हणून ही तपासणी अशी करावी : सलग दोन महिने पावडर बंद, साखर निम्मी, पाव-बिस्किटांऐवजी ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, भाज्या. खिडकीजवळ, त्याच उजेडात, पंधरा दिवसांनी एकदा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. स्मरणशक्तीपेक्षा फोटो अधिक भरवशाचा असतो. फरक दिसला तर ते पथ्य तुमच्यासाठी खरे, नाही दिसला तर उगाच आवडीचे पदार्थ सोडून बसू नये. वाढत्या वयाच्या मुलांचे दूध एकदम तोडू नये. तेवढे पोषण दुसरीकडून कसे मिळेल ते आधी ठरवावे.

पोट साफ नसल्याने आणि अंगात उष्णता वाढल्याने मुरूम येतात, ही समजूत घराघरात आहे. बद्धकोष्ठ असेल तर त्याचा उपाय जरूर करावा, पण मुरूम जावेत म्हणून रोज रेचक घेणाऱ्या मुलांना त्याचा गुण आलेला मी पाहिलेला नाही. त्यांची आतडी मात्र आळशी होतात.

घरगुती उपाय : कोणते, किती आणि कसे

इथपर्यंतच्या तपासण्या करून दोन-तीन आठवडे झाले असतील आणि चेहऱ्यावर दुसरे काही लावले जात नसेल, तरच हा टप्पा सुरू करावा. तसे का, तर एका वेळी एकच गोष्ट वाढवली तरच तिचा गुण किंवा दोष कळतो. नवे काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास पाहावे. वनस्पतींनाही ॲलर्जी येते. 'नैसर्गिक आहे, त्रास कसा होईल' या भरवशावर भाजून घेतलेले चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यातला बहुतेक त्रास टाळता येण्याजोगा होता.

कोरफड माझ्या यादीत पहिली आहे, पण ती नीट काढायला हवी. पात कापल्यावर कापलेली बाजू खाली करून पेल्यात उभी ठेवावी. दहा-पंधरा मिनिटांत पिवळसर, कडू वासाचा चीक निथळून पेल्याच्या तळाशी जमा होतो. याच चिकाने खाज आणि पुरळ येते, आणि बहुतेक घरांत तो गरासोबत चेहऱ्यावर जातो. मग साल काढून पारदर्शक गर पाण्याखाली धुवावा, पातळ थर लावावा आणि वीस मिनिटांनी चेहरा धुवावा. कोरफडीने बूच उघडत नाही. ती लाली आणि आग शमवते, आणि पुढे सांगितलेल्या औषधांनी कोरड्या पडणाऱ्या त्वचेला तिचा चांगला आधार होतो.

कडुनिंबाची मूठभर पाने पाण्यात उकळून, गार करून, गाळून त्याच दिवशी चेहरा धुवायला वापरता येतात. जिवाणूंना रोखण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे. निंबोळीचे तेल मात्र चेहऱ्यावर निव्वळ लावू नये, ते तीव्र असते. गरोदरपणात कडुनिंबाचा रस किंवा तेल पोटात घेऊ नये.

हळद सूज कमी करते, पण सुट्या पुडीतल्या हळदीत लेड क्रोमेटसारख्या रंगाची भेसळ होते, म्हणून हळकुंड आणून घरी दळलेली किंवा आंबेहळद सहाणेवर उगाळून घेतलेली बरी. चिमूटभर हळद दह्यात किंवा कोरफडीच्या गरात मिसळून दहा-पंधरा मिनिटे, आठवड्यातून दोनदा. हळदीनेही काहींना ॲलर्जी येते. खाज सुटली की थांबावे.

मुलतानी माती फक्त तेलकट त्वचेसाठी. गुलाबपाण्यात भिजवून लावावी आणि ती तडकण्याआधी, अर्धवट ओली असतानाच धुवावी. चेहरा ताणला जाईपर्यंत वाळू दिली तर ती गरजेपुरता ओलावाही शोषून घेते. आठवड्यातून एकदा पुरे.

मधाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. न्यूझीलंडमध्ये तिथल्या एका औषधी मधाची मुरुमांवर रीतसर चाचणी झाली, तेव्हा जंतुनाशक साबणापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. नैसर्गिक उपायांत त्यातल्या त्यात चांगला पुरावा टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाच्या बाजूने आहे. १९९० साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका तुलनेत त्याचे ५ टक्क्यांचे जेल बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधाच्या ५ टक्क्यांच्या मलमापेक्षा हळू, पण त्रास कमी देत लागू पडले. बाटलीत मिळते ते निव्वळ तेल असते, तसेच लावले तर त्वचा भाजते. चहाच्या एका चमच्याएवढ्या जेलमध्ये ५ थेंब, इतके पातळ करूनच फोडांवर लावावे. पोटात गेले तर ते विषारी आहे, लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

आयुर्वेदात या विकाराला मुखदूषिका म्हणतात आणि लोध्र, धने व वेखंड यांचा लेप त्यावर सांगितला आहे. तो करायचा असेल तर वैद्यांना प्रकृती दाखवून, वस्त्रगाळ चूर्ण वापरून करावा. खोल, दुखऱ्या गाठीवर सुती कापडात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर धरला तर ठणका उतरतो. इतका साधा आणि निरुपद्रवी उपाय दुसरा नाही.

आता जे लावू नये ते. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या जवळपास असतो. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा अक्षरशः भाजते आणि काळे पट्टे उमटतात. खाण्याचा सोडा उलट टोकाचा, अल्कधर्मी. टूथपेस्ट, लसूण, दालचिनी, व्हिनेगर यांनी फोड वाळल्यासारखा वाटतो तो कातडी जळल्यामुळे. दुधात उगाळलेले जायफळ हा अनेक घरांतला जुना आणि मायेने सांगितला जाणारा उपाय आहे, म्हणून त्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते : जायफळातली उडनशील तेले नाजूक त्वचेला झोंबतात, सहाणेवरचे कण खरखरीत राहतात, आणि रात्रभर ठेवलेल्या लेपाने पुटकुळी बसली तरी तिच्या जागी तिच्याहून मोठा काळा डाग राहिलेला वारंवार दिसतो. आजीला दुखवायचे नसेल तर जायफळाऐवजी आंबेहळद उगाळून द्यायला सांगावी.

दुकानात मिळणारी औषधे

घरगुती उपायांनी सहा-आठ आठवड्यांत नवे फोड कमी झाले नाहीत, तर त्यांना चिकटून राहू नये. उशीर झाला की खड्डे पडण्याची शक्यता वाढते. काळे-पांढरे दाणे जास्त असतील तर सॅलिसिलिक ॲसिड असलेला फेसवॉश, साधारण १ ते २ टक्क्यांचा, दिवसातून एकदा वापरावा. ते तेलात विरघळते, म्हणून छिद्राच्या आत पोहोचून बूच सैल करते. लाल, पूयुक्त पुटकुळ्यांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. जास्त टक्क्यांचे घेतल्याने गुण फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते. सुरुवातीला एक दिवसाआड, रात्री, पातळ थर, आणि फोडावर ठिपका न लावता जिथे फोड येतात त्या संपूर्ण भागावर लावावे, कारण उद्याचे बूच आज दिसत नाही. त्याने टॉवेल, अभ्रे आणि कपड्यांचा रंग उडतो, म्हणून पांढरे वापरावेत. दोन्ही औषधे एकाच आठवड्यात सुरू करू नयेत. गरोदर असल्यास, किंवा तसे ठरवत असल्यास, आधी डॉक्टरांना विचारावे.

क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे जेल 'मागच्या वेळी दिले होते' म्हणून पुन्हा मागितले जाते. एकटे प्रतिजैविक महिनोन्महिने लावले की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, आणि मुरूम परत येण्याचे हेही एक कारण आहे. ॲडापॅलीनसारखी रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी नाते असलेली) मलमे बुचाच्या मुळावर काम करतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुरूम वाढल्यासारखे वाटतात, आणि याची कल्पना नसल्याने लोक नेमके तेव्हाच ती सोडतात.

कोणत्याही योग्य उपचाराला ८ ते १२ आठवडे द्यावेत. चेहरा स्वच्छ झाला की दुसऱ्याच दिवशी सगळे बंद करणे, हे मुरूम परत येण्याचे स्टेरॉइडखालोखाल मोठे कारण आहे. वरून कातडी साफ दिसत असताना आत नवी बुचे तयार होतच असतात. प्रवृत्ती असेपर्यंत ती होत राहणार. पाण्याची टाकी भरली म्हणून नळ गळायचा थांबत नाही, तसेच हे आहे. म्हणून औषध हळूहळू कमी करत, आठवड्यातून दोन-तीनदा तरी काही महिने चालू ठेवावे. किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे किंवा उंचवटे राहू लागले असतील, किंवा बारा आठवडे नीट उपचार करूनही फरक नसेल, तर घरी करण्यासारखे काही उरलेले नाही. आई-वडिलांपैकी कुणाला खड्डे पडण्याइतके मुरूम झाले असतील, तर बारा आठवडेही थांबू नये. जबड्यावर व हनुवटीवर मुरूम, त्यासोबत पाळी अनियमित, ओठावर-हनुवटीवर राठ केस किंवा वजन वाढणे असेल, तर पीसीओएसची (बीजांडकोश आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची) तपासणी व्हायला हवी. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही जावे लागते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन-चार पुटकुळ्या येणे हे मात्र नेहमीचे आहे. एक ते सात वर्षांच्या मुलाला मुरूम आले, किंवा मोठ्या माणसाला आधी कधी नसताना अचानक भरपूर आले, तर संप्रेरकांची तपासणी आवश्यक ठरते.

मुरुमांबरोबर ताप आणि सांधेदुखी असेल, अथवा नाका-ओठाजवळच्या फोडानंतर डोळ्याभोवती सूज, ताप, तीव्र डोकेदुखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि मुलगा किंवा मुलगी चेहऱ्यामुळे कॉलेजला जाणे टाळू लागली, आरसा झाकून ठेवू लागली, जेवण-झोप बिघडली, तर फोड मोजत बसू नये. "वयच आहे, जाईल आपोआप" असे म्हणून तो त्रास धुडकावू नये. अशा वेळी मुरूम मोजके असले तरी ते डॉक्टरांना दाखवायलाच हवेत.

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तीव्र मुरुमांवर अतिशय प्रभावी आहेत, पण त्या कुणाच्याही उरलेल्या पट्टीतून घेऊ नयेत. त्यांच्यामुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून त्या घेताना आणि थांबवल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे बंधनकारक असते. यकृत आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्याही कराव्या लागतात.

खासगी दवाखाना परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाचे बाह्यरुग्ण दिवस विचारून जावे. तिथे शुल्क लागत नाही किंवा नाममात्र लागते. जाताना चेहऱ्यावर मेकअप नको. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या आणि पुड्या एका पिशवीत घालून सोबत न्याव्यात, पार्लरमधली विनानावाची डबीसुद्धा, आणि काय किती दिवस लावले ते कागदावर लिहून द्यावे.